चुकांची वही कोरी का?

हिमायतनगर हे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जुनी माणसे त्याला अजूनही वाढोणाच म्हणतात. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते आहे. पैनगंगा ओलांडली की पलीकडे विदर्भ. माझे थोरले बंधू तिथे राहतात. गेल्या मे महिन्यात मी आठ दिवस त्यांच्याकडे होतो. बाहेर ४२-४३ अंशांचे ऊन, घरात कूलरचा आवाज आणि दुपारभर जुन्या गप्पा, असा बेत होता. तो एका कागदाने उधळून लावला.

वहिनींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अशा काही गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून डॉक्टर अधूनमधून तपासणी करायला सांगतात. त्याप्रमाणे सकाळी दहाच्या सुमारास एका खासगी प्रयोगशाळेचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. रात्री आठ वाजता बंधूंच्या मोबाइलवर अहवाल आला. पोटॅशियम ६.९. आकडा लाल अक्षरांत होता. ढोबळमानाने ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असायला हवे. गावातल्या डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला. तो ठीक होता. तरीही ते म्हणाले, "इतक्या पोटॅशियमने हृदय केव्हाही बंद पडू शकतं. मी धोका पत्करणार नाही. नांदेडला न्या." त्यांचे काहीच चुकले नाही. मी त्यांच्या जागी असतो तर तेच सांगितले असते.

रात्री नऊ वाजता शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही भोकरमार्गे निघालो. सत्तर-ऐंशी किलोमीटरचा रस्ता. शहात्तर वर्षांचे बंधू पुढच्या सीटवर फाईल छातीशी धरून बसले होते, एक शब्द बोलत नव्हते. मागे वहिनी मात्र शांत. "भाऊजी, मला काई बी होईना गेलं. उगंच कागूद बघून घाबरू लागलाव तुमी," असे त्या दोनदा म्हणाल्या. आम्ही त्यांना गप्प बसवले. नांदेडच्या दवाखान्यात पुन्हा रक्त घेतले आणि लगेच तपासले. पोटॅशियम ४.३. पहाटे तीनला आम्ही घरी परतलो. वहिनींचे म्हणणे खरे होते. काही झाले असेल तर ते कागदालाच झाले होते.

आनंद ओसरल्यावर मला राग आला. सकाळीच त्या प्रयोगशाळेविरुद्ध तक्रार करायची, असे मी ठरवून टाकले. (तिचे नाव इथे देण्याचे कारण नाही, कारण प्रश्न एका प्रयोगशाळेचा नाही.) पण दुसऱ्याच दिवशी बंधूंची नात सुटीवर आली. ती एका वैद्यकीय महाविद्यालयात पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "आबा, मशीन खोटं बोललेलं नाही. त्याच्यापुढे जे रक्त आलं त्यात पोटॅशियम ६.९ च असणार. पण तोपर्यंत ते रक्त आजीच्या अंगातल्यासारखं राहिलंच नव्हतं."

तिने रक्त नेणाऱ्या मुलाला फोन लावला. रागावली नाही, फक्त विचारत गेली. त्याने आमच्यानंतर आणखी तीन-चार गावे केली होती आणि दुपारी उशिरा नळ्या पोहोचत्या केल्या होत्या. "ऊन लई होतं ताई, म्हून बर्फाच्या डब्यात नीट ठेवलं होतं," तो म्हणाला. त्याने आपल्या परीने काळजीच घेतली होती, आणि गोम नेमकी तिथेच होती.

रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा पंचवीस-तीस पटींनी जास्त असते. पेशीच्या आवरणातले एक सूक्ष्म पंप ते आत धरून ठेवतात. नळीतले रक्त गार केले की हे पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपू लागते. पेशी फुटल्या तर वरचा द्रव लालसर दिसतो आणि तंत्रज्ञाला शंका येते. इथे पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळे नमुना दिसायला स्वच्छ असतो. उपाय अगदी साधा आहे. रक्त सुमारे अर्धा तास गोठू द्यायचे, मग फिरवणी यंत्रात घालून पेशी व वरचा द्रव वेगळे करायचे आणि मग तो द्रव पुढे पाठवायचा. हे दोन तासांच्या आत व्हावे, असा दंडक आहे. आमच्या नळीने सहा तास बर्फात काढले होते.

या गोष्टीची दुसरी बाजू तिने सांगितली, आणि ती ऐकून मी अधिक अस्वस्थ झालो. समजा, वहिनींचे पोटॅशियम खरोखरच धोक्याइतके कमी असते, तर याच प्रवासात ते वाढून अहवालात अगदी ठाकठीक दिसले असते. साखरेचे नेमके उलटे होते. पेशी नळीतही साखर खात राहतात. ती थांबवणारे औषध घातलेली राखाडी झाकणाची नळी वापरली नाही आणि रक्त तसेच पडून राहिले, तर साखर तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी उतरते. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस 'नॉर्मल' असा कागद घेऊन घरी जातो आणि समाधानाने चहात दोन चमचे साखर घालतो. घाबरवणारी चूक पकडली जाते, कारण माणूस धावतपळत दुसरीकडे जातो. दिलासा देणारी चूक कोणी पकडत नाही. तिचा हिशेब पुढे कधीतरी होतो, आणि तेव्हा त्या जुन्या कागदाची आठवणही कोणाला नसते.

"हे तुला कॉलेजात शिकवलं?" मी विचारले.

"एक लेक्चर झालं होतं. परीक्षेला गुणवत्ता नियंत्रणावर टीप येते. ती मी पाठ केली आहे."

"आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात नमुना टेबलावर आला की माझं काम सुरू होतं. तो कुठून आला, कसा आला, हे मी कधी पाहिलेलंच नाही."

या उत्तरात तिची लाज नव्हती आणि तिच्या शिक्षकांची निंदाही नव्हती. तीन वर्षांत या मुलांना केवढे शिकायचे असते! गाठींचे तुकडे, कर्करोगाचे प्रकार, रक्ताचे आजार, शवविच्छेदन, रक्तपेढी. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणे ही विद्याच आहे आणि ती तपश्चर्येनेच येते. पण पदवी हातात पडल्यावर यातले बहुतेक जण एखाद्या जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी प्रयोगशाळेचे प्रमुख होतात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे, की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच प्रतिस्वाक्षरी हवी. निर्णय योग्यच आहे. पण मग सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत, हे माहीत असायला नको का?

मी आयुष्यभर बँकेत सह्या केल्या. सही म्हणजे काय, हे मला माझ्या पहिल्या व्यवस्थापकांनी एका वाक्यात शिकवले होते. ते म्हणत, "ही सही त्या आकड्यावर नाही, तो आकडा इथपर्यंत ज्या वाटेने आला, त्या सगळ्या वाटेवर आहे." अहवालावरच्या सहीलाही हेच लागू पडते. दंडात सुई टोचल्यापासून कागद रुग्णाच्या हाती पडेपर्यंतची सगळी वाट त्या सहीखाली येते.

चुका या वाटेवर नेमक्या कुठे होतात, याचा शोध इटलीतल्या पादुआ येथील एका रुग्णालयात घेतला गेला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की सापडलेल्या चुकांपैकी सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झाल्या होत्या. चुकीची नळी, चुकीचे नाव, चुकीच्या पद्धतीने घेतलेले रक्त, असे त्यांचे स्वरूप होते. प्रत्यक्ष तपासणीतल्या चुका १३ टक्क्यांच्या आसपास होत्या आणि उरलेल्या अहवाल पोहोचवण्यात झालेल्या. म्हणजे लाखो रुपयांचे यंत्र ज्या टप्प्यावर काम करते, तिथे चुका सर्वांत कमी. जिथे मोटारसायकलवरचा एक मुलगा काम करतो, तिथे सर्वांत जास्त. आपण पैसा आणि शिक्षण मात्र मधल्याच टप्प्यावर खर्च करतो.

अर्थात यंत्राच्या टप्प्यावरही डोळे झाकून चालत नाही. १९४७ साली बेल्क आणि संडरमन या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी पेनसिल्व्हानियातल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवून पाहिले. उत्तरांमध्ये इतकी तफावत आली, की सगळ्यांचेच डोळे उघडले. तिथून पुढे बाहेरून नमुना पाठवून परीक्षा घेण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशी योजना प्रसिद्ध आहे. उत्तर ठाऊक नसलेला नमुना येतो, तुम्ही तो तपासून आकडा कळवता आणि इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला समजते.

घरातल्या घरात रोज करायची परीक्षा वेगळी. अमेरिकेतल्या टेलिफोनच्या कारखान्यासाठी वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये एक आलेख तयार केला होता. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी तो रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आणला. रोज सकाळी ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा एक नमुना यंत्रात घालायचा आणि आलेला आकडा आलेखावर टिंबाने दाखवायचा. टिंब दोन रेषांच्या आत असले तर काम सुरू. बाहेर गेले तर थांबायचे, कारण शोधायचे आणि लिहून ठेवायचे. सगळे नीट असतानाही वीसांतले एखादे टिंब निव्वळ योगायोगाने बाहेर जाते, हे गणितच आहे. त्यामुळे वर्षभर एकही टिंब बाहेर न गेलेला आलेख दिसला, तर जाणकार तपासनीस खूश होत नाही. त्याला संशय येतो. टिंब आत पडेपर्यंत पुन्हा पुन्हा यंत्र चालवायचे आणि शेवटचा आकडा तेवढा लिहायचा, ही पळवाट त्याला ठाऊक असते.

इथे मला आमच्या शाखेतला एक प्रसंग आठवतो. संध्याकाळी रोख मोजताना रोखपालाला पाचशे रुपये कमी आढळले. तेव्हा ती मोठी रक्कम होती. त्याने कोणाला न सांगता ती स्वतःच्या खिशातून भरली आणि रोजकीर्द जुळवली. दोन महिन्यांनी इन्स्पेक्शनमध्ये हे उघडकीस आले. आम्हा सगळ्यांना वाटले, किती प्रामाणिक माणूस! तपासणी अधिकाऱ्यांनी मात्र तीही अनियमितता म्हणून नोंदवली. ते म्हणाले, "तूट लिहिली असती तर नोटांचं एक बंडल पन्नासाव्या नोटेनंतर चिकटलेलं निघतं, हे त्याच आठवड्यात कळलं असतं. तुम्ही पैसे भरलेत, कारण मात्र तसंच राहिलं." रोखपालाचा हेतू चांगला होता. बर्फाचा डबा नेणाऱ्या मुलाचाही होता. चांगल्या हेतूने व्यवस्था चालत नाही. ती नोंदीने चालते.

मानांकन म्हणतात ते मुळात हेच. आपल्या देशात एनएबीएल हे प्रयोगशाळांना मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या चाचण्यांसाठी खासगी प्रयोगशाळांना त्याचे मानांकन आवश्यक ठरले, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांसाठी आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २००३ ची आणि चौथी २०२२ ची. रुग्णाला कुठे धोका पोहोचू शकतो याचा विचार या नव्या आवृत्तीत केंद्रस्थानी आहे. मानांकन घेणे सर्वसाधारणपणे ऐच्छिक आहे. लहान प्रयोगशाळांना ते झेपत नाही हे लक्षात घेऊन २०१९ मध्ये प्रवेशपातळीवरची सोपी योजनाही सुरू झाली. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की मानांकन सरसकट पाटीला नसते. ज्या तपासण्यांना ते मिळाले त्यांची यादी असते. आपली तपासणी त्या यादीत आहे का, हे विचारण्यात संकोच वाटायचे कारण नाही.

याच्या विरोधात बोलणाऱ्यांचे म्हणणेही मी ऐकले आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. "माणसं नाहीत, वीज टिकत नाही, रसायनं वेळेवर मिळत नाहीत, आणि तुम्ही रजिस्टरांच्या गोष्टी सांगता?" असे एका सरकारी डॉक्टरांनी मला सुनावले. त्यांचा त्रागा खरा आहे. रिकाम्या जागा भरणे हे शासनाचे काम आहे आणि त्याला कोणतेही रजिस्टर पर्याय होऊ शकत नाही. मानांकनाचा कागदी कारभार होतो, हेही मला ठाऊक आहे. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री शाखा कशी सजते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? सहा महिन्यांच्या नोंदी एका रात्रीत, एकाच पेनाने लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

पण म्हणूनच हे शिकण्याच्या वयात शिकवायला हवे. नोकरी लागल्यावर नोंद हे ओझे वाटते. विद्यार्थी असताना ती सवय होऊ शकते. शिवाय आमच्या प्रसंगात नेमके काय कमी पडले ते पाहा. नळीवर रक्त घेतल्याची वेळ लिहिली असती, तर नमुना स्वीकारणाऱ्याला सहा तास दिसले असते. रक्त नेणाऱ्या मुलाला 'हे बर्फात नको' एवढे सांगितले असते, तर प्रश्नच नव्हता. वहिनींचा तीन महिन्यांपूर्वीचा अहवाल त्याच प्रयोगशाळेचा होता; त्यातले ४.४ आणि आताचे ६.९ शेजारी ठेवून पाहिले असते, तर शंका आली असती. आणि इतका धोक्याचा आकडा नुसता मोबाइलवर न ढकलता डॉक्टरांना फोन केला असता, तर दोन प्रश्नांत उलगडा झाला असता. चार दारे होती आणि चारही उघडी राहिली. यातले एकही बंद करायला नवे यंत्र लागत नव्हते.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शासकीय आरोग्य केंद्रांत गोळा केलेले नमुने दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत नेऊन तपासण्याची महालॅब योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. खासगी प्रयोगशाळाही आता गावोगावचे नमुने शहरात नेतात. म्हणजे रक्ताचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला आहे. तो प्रवास पाहिलेला डॉक्टर मात्र दुर्मीळ आहे.

यावर एक मार्ग आयता उपलब्ध आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेत काम करावे, असा नियम २०२० मध्ये आला आणि २०२१ च्या तुकडीपासून लागू झाला. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्याने या तीन महिन्यांतला एक आठवडा केवळ नमुन्यांबरोबर प्रवास करावा. हिमायतनगर किंवा किनवटला रक्त घेताना त्याने शेजारी उभे राहावे, त्याच डब्याबरोबर गाडीत बसावे आणि नळी यंत्रात जाईपर्यंत घड्याळ पाहून प्रत्येक वेळ टिपून ठेवावी. उरलेल्या काळात शीतपेटीच्या तापमानाचा तक्ता, रसायनांच्या मुदतीच्या तारखा, तक्रारवही, परत पाठवलेले नमुने हे सगळे स्वतः सांभाळावे. महाविद्यालयात वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांनीच आपल्या प्रयोगशाळेचे अंतर्गत लेखापरीक्षण करावे. एका तुकडीने काम करावे आणि दुसरीने तपासावे. तोंडी परीक्षेत काचपट्टीबरोबर एक बिघडलेला आलेखही समोर ठेवावा आणि विचारावे, "आज सकाळी असं दिसलं. तुम्ही काय कराल?" जो विद्यार्थी "काम थांबवीन, कारण शोधीन, लिहून ठेवीन" असे म्हणेल, त्याला गुण द्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे, चूक लिहिणाऱ्याला शिक्षा होणार नाही, असे त्या विभागात वातावरण हवे. आपल्याकडे शाळेपासून खाडाखोड केलेल्या वहीला गुण कमी मिळतात, त्यामुळे चूक झाकण्याचे शिक्षण लवकर मिळते आणि पक्के बसते. प्रयोगशाळेत चुकांची वही कोरी असेल, तर तिथे चुका होत नाहीत असा अर्थ मी घेणार नाही. तिथे चुका लिहिल्या जात नाहीत, एवढाच अर्थ मी घेईन.

तक्रार मी केली नाही. नात स्वतः त्या प्रयोगशाळेत जाऊन आली. तिथल्या डॉक्टरांनी तिचे ऐकून घेतले, रक्त नेणाऱ्या मुलांना बोलावून तिलाच चार गोष्टी सांगायला लावल्या आणि झालेला प्रकार वहीत लिहून घेतला. मला हे तक्रारीपेक्षा मोलाचे वाटले.

परवा बंधूंचा फोन आला होता. वहिनींची पुन्हा तपासणी झाली. तोच मुलगा आला होता. रक्त घेऊन तो निघाला, तेव्हा वहिनींनी त्याला दारात थांबवले आणि म्हणाल्या, "लेकरा, आधी किती वाजले ते त्या नळीवर लिही. मग चहा पिऊन जा."